रांगेतली सातवी

उत्सवाच्या दाराशीच मिस्त्रींचं डोकं फिरलं. जुन्या दगडी खांबांच्या पुढ्यात कुणीतरी थर्माकोलचे खांब उभे केले होते. खऱ्या खांबांना टेकायला मनाई होती, म्हणून लोक खोट्यांना टेकून फोटो काढत होते. एका बाईंनी तर मागचा खरा खांब फोटोत येतो म्हणून नवऱ्याला जरा बाजूला सरकायला सांगितलं.

"गाढवांचा बाजार," मिस्त्री म्हणाले. हळू बोलायची त्यांना सवय नव्हती.

"बाबा, आधी आत तरी जाऊ द्या," लेक म्हणाली. "बसल्यावर काय ती नावं ठेवा."

नावं ठेवणं हा मिस्त्रींचा निवृत्तीनंतरचा धंदा होता आणि निवृत्तीआधीचा जोडधंदा. एकतीस वर्षं त्यांनी याच पडक्या वास्तूच्या दुरुस्तीवर काढली होती. ढासळलेली भिंत उतरवायची, एकेका दगडावर नंबर घालायचा, पाया नीट करून ते दगड पुन्हा त्याच क्रमाने चढवायचे, आणि एखादा हरवला असेल तर तिथे नवा घडवून बसवायचा. नव्या दगडाचा नियम मात्र कडक होता. तो कोरा ठेवायचा आणि जुन्याच्या बोटभर आत बसवायचा. बघणाऱ्याला लांबून कळलं पाहिजे, जुनं कुठलं आणि आपलं कुठलं. नक्षी करायची नाही म्हणजे नाही. मिस्त्रींच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं होती, दगडातलं कळणारी आणि न कळणारी. पहिल्या प्रकारात ते स्वतः आणि त्यांचे गुरू, आणि गुरू वारून आता बरीच वर्षं झाली होती.

आत मोठ्या चौकात खुर्च्या मांडल्या होत्या. प्लास्टिकच्याच, पण त्यांना पांढरे झगे घालून मागे फितीची फुलं बांधलेली. समोर लाकडी मंच. मंचाचे लोखंडी पाय नेमके त्या फरशीवर टेकवले होते, जी मिस्त्रींनी तीन उन्हाळे घालून पातळीत बसवली होती. वर दहा-बारा मुली चेहऱ्याला चकाकी फासून नाचत होत्या. मंचामागच्या दगडी दरवाज्यावर रांगेत कोरलेल्या बायकांसारखं उभं राहायचा त्यांचा प्रयत्न चालला होता आणि एकीलाही तोल सांभाळता येत नव्हता.

"दगडाच्या बाईची कंबर मोडली तरी चालते," मिस्त्री म्हणाले, "हिला उद्या डॉक्टरकडे जावं लागेल."

पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी मागे वळून पाहिलं. मिस्त्रींनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते पुन्हा पुढे वळले.

निवेदक तर सगळ्यांवर कडी होते. चमकता कोट, हातात कागद, आणि कागदावर न बघता बोलायची हौस. दुपारी त्यांनी ही वास्तू हजार वर्षांपूर्वीची असल्याचं सांगितलं. नाच संपेपर्यंत ती बाराशे वर्षांची झाली. गाण्यानंतर दीड हजार.

"संध्याकाळपर्यंत थांबलो तर माणूस जन्माला यायच्या आधीची होईल," मिस्त्री म्हणाले. या वेळी मात्र लेकही हसली.

मिस्त्री आले होते ते लेकीसाठी. ती दूरच्या कॉलेजात जुन्या शिल्पांबद्दल शिकवायची, वर्षातून दोनदा घरी यायची आणि नऊ वर्षं एक पुस्तक लिहीत होती. आज या उत्सवात त्याचं प्रकाशन होतं. पुस्तक कशावर आहे हे मिस्त्रींनी नऊ वर्षांत कधी विचारलं नव्हतं. जुन्या मूर्तींवर काहीतरी आहे, एवढं त्यांना पुरेसं होतं. कॉलेजातली माणसं दगडाबद्दल जे लिहितात ते दगडाला वाचता येत नाही हे दगडाचं नशीब, असं ते लेकीच्या तोंडावर म्हणायचे. ती ते हसण्यावारी न्यायची. निदान मिस्त्रींना तसं वाटायचं.

दिवसभरात एकच माणूस त्यांच्या मनात भरला होता. पांढऱ्या केसांच्या, जाड चष्म्याच्या एक बाई. बाकीची मंडळी दरवाज्यापुढचा माहितीचा फलक वाचून पुढे सरकत होती. या बाईंनी फलकाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दोन दगडांच्या सांध्यात त्यांनी नख घातलं, निघालेला चुरा बोटांत चोळला आणि चष्मा वर करून बघितला. मिस्त्री मनात म्हणाले, ही बाई कामाची आहे.

नाच-गाणं संपल्यावर लेक त्यांना चहाच्या तंबूत घेऊन गेली. पिशवीतून तिने एक पुस्तक काढलं आणि त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

"पहिली प्रत तुमची, बाबा. आत अर्पणपत्रिकेतही तुम्हीच आहात."

मुखपृष्ठावर दरवाज्याच्या रांगेतली सातवी बाई होती. मान किंचित कललेली, ओठाचा एक कोपरा वर गेलेला, जणू समोरच्याचं काहीतरी तिला कळलंय आणि ती सांगणार नाही.

ती बाई त्यांनी घडवली होती.

पस्तीस वर्षांपूर्वी त्या रांगेत अकरा बायका असायला हव्या होत्या आणि होत्या दहा. सातव्या जागी भोक होतं. तिथे कोरा दगड बसवायचं ठरलं, मिस्त्रींनी तो कापूनही ठेवला. त्याच आठवड्यात एक मोठे तज्ज्ञ पाहणीला आले. मिस्त्रींनी आवरेना म्हणून विचारलं, "साहेब, नक्षी का नको? मी करतो की." तज्ज्ञ त्यांच्या हाताकडे बघून हसले आणि बरोबरच्या माणसांना म्हणाले, "यांच्या हातात आता ते राहिलेलं नाही. ही गवंडी मंडळी." गवंडी! मिस्त्री त्या दिवशी जेवले नाहीत. मग रोज काम सुटल्यावर घरामागच्या पडवीत त्यांनी तो दगड घडवला. मापं रांगेतल्या शेजारच्या दगडी बायकांची घेतली, पण हसू कुठून आणायचं? ते त्यांनी बायकोचं घेतलं. पुरे चार महिने दगड गाळात पुरून ठेवला, वर चहाच्या चोथ्याचं पाणी ओतलं, आणि एक दिवस सगळे सुट्टीवर असताना जागेवर चढवला. तज्ज्ञ पुन्हा आले की सगळ्यांदेखत त्यांची फजिती करायची, असा बेत होता.

तज्ज्ञ आले. सातवीपुढे पाच मिनिटं उभे राहिले आणि म्हणाले, "वा! पडलेला दगड सापडला वाटतं. आता बघा, ही खरी कला. आजचा कुणी असं करू शकेल?" कारकुनाने तिथल्या तिथे वहीत लिहिलं, पडलेला दगड सापडला, परत बसवला.

मिस्त्रींनी तोंड उघडलंच होतं. पण आतून असं हसू फुटायला लागलं, की त्यांनी ते पुन्हा मिटलं. फजितीपेक्षा हे गोड होतं. बायकोला घरी येऊन सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मला तिथे उभं केलंत होय, पाय दुखतील की माझे." त्यानंतर जो कुणी शहाणा त्या दरवाज्यापुढे माना डोलवायचा, त्याच्याकडे बघून मिस्त्री मनातल्या मनात मनसोक्त हसायचे. बायको गेली, तेव्हापासून हे गुपित त्यांच्या एकट्याचं होतं.

"काय झालं, बाबा? आवडलं नाही?"

"अकरा बायका आहेत," मिस्त्री म्हणाले. "हीच कशाला घेतलीस?"

"हीच वेगळी आहे म्हणून." लेकीचे डोळे चमकत होते. "हिच्या मागच्या सपाट भागावर, दगडाच्या दर्शनी बाजूलाच, टाकीच्या रेघा बघा. बाकीच्या दहाजणींच्या मागे एका अंगाला कललेल्या आहेत आणि हिच्या बरोबर उलट्या. हिचा कारागीर डावखुरा होता! इतक्या जुन्या काळातला एक कारागीर, एकट्याचा, वेगळा ओळखता येतो, हे आजवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. सगळं पुस्तक त्याच्यावर आहे. आणि मला सुचलं कशावरून माहितीये? आपल्या घराच्या पायरीवरून. तुम्ही डाव्या हाताने घडवलेली. लहानपणी मी त्या रेघांवरून बोट फिरवत बसायचे ना?"

मिस्त्रींच्या डाव्या हातातला चहा तसाच राहिला. इतकी वर्षं ते म्हणत आले होते, की या लोकांना दगडावरच्या रेघा कळत नाहीत. लेकीला कळल्या होत्या. अगदी बरोबर कळल्या होत्या.

"अगं, ऐक जरा," ते म्हणाले, पण तेवढ्यात त्या चष्मेवाल्या बाई टेबलापाशी आल्या. लेक पटकन उठून उभी राहिली. बाई तिच्या क्षेत्रातल्या सगळ्यात मोठ्या अभ्यासक होत्या आणि प्रकाशनानंतर पुस्तकावर त्याच बोलणार होत्या.

"पुस्तक आवडलं," बाई म्हणाल्या. "एक शंका आहे. भाषणात विचारणारच आहे, म्हणून आधी सांगते. सातवीची नोंद फार मोघम आहे. सापडला, बसवला. कुठे सापडला? कुणाला? आणि सांध्यातला चुना मला नवा वाटतो."

"चुना नवाच असणार, बाई, दगड पुन्हा बसवलाय ना," लेक म्हणाली. "आणि हे माझे बाबा. तेव्हा कामावर हेच होते. बाबांना इथल्या दगडा-दगडाचा नंबर पाठ आहे."

बाईंनी मिस्त्रींकडे नीट बघितलं. मिस्त्रींनी कप हळूच उजव्या हातात घेतला. थोडा चहा पँटवर सांडला.

"आता वय झालं," ते म्हणाले. "काही आठवत नाही."

लेकीने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. आठवत नाही, हे शब्द तिने बापाच्या तोंडून जन्मात ऐकले नव्हते. पण ती काही म्हणायच्या आत चमकता कोट तंबूत शिरला.

"अहो, लेखिकाबाईंचे वडील इथलेच जुने मिस्त्री, आणि आम्हाला पत्ताच नाही! चला, चला. उत्सवाच्या चिन्हावरचा पहिला घाव तुमच्या हातचा!" निवेदकांनी त्यांना दंडाला धरून उठवलंच.

मंचाच्या मधोमध एक मऊ दगडाचा ठोकळा ठेवला होता. त्यावर खडूने उत्सवाचं चिन्ह काढलेलं, आणि बाजूला तबकात मखमलीवर छिन्नी आणि हातोडी. हातोडीच्या दांड्याला सोनेरी कागद गुंडाळला होता. एरवी या कागदावर मिस्त्री आठवडाभर बोलले असते.

"टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही!" निवेदक माइकमध्ये ओरडले. "ज्या हातांनी हा दरवाजा सावरला, ते हात आज आपल्यासमोर आहेत! अठराशे वर्षांपूर्वीच्या कारागिरांचा वारसा या हातांत आहे! आणि मंडळी, यांच्या कन्येचा चेहरा नीट बघा. आपल्या सातव्या सुंदरीशी मिळतो की नाही?"

लोक हसले, टाळ्या पडल्या. दिवसभरात निवेदक एकच खरं बोलले होते आणि तेही थट्टेत.

चष्मेवाल्या बाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्या पुढे वाकल्या आणि त्यांची नजर मिस्त्रींच्या हातांवर होती. दरवाज्यावर काम केलेला माणूस डावखुरा निघाला, तर या बाईंना दोन आणि दोन चार करायला किती वेळ लागणार? मग लेकीची नऊ वर्षं सगळ्यांदेखत पाण्यात. मिस्त्रींना हे मंचावर उभं राहून लख्ख दिसलं. त्यांनी छिन्नी डाव्या हातात धरली आणि हातोडी उजव्या.

पहिला घाव घसरला. खडूचं चिन्ह नुसतं पुसलं गेलं. कुणीतरी खुदकन हसलं. नवशिक्या पोरांना याच चुकीसाठी मिस्त्रींनी काय काय बोल लावले होते! दुसरा घाव त्यांनी चिडून घातला आणि तो सरळ डाव्या अंगठ्यावर बसला. छिन्नी खाली पडली. एकतीस वर्षांत ज्या अंगठ्याला खरचटलं नव्हतं, त्याचं नख काळंनिळं झालं आणि कडेने रक्त आलं.

आता सगळेच हसले. वाईट मनाने नाही, म्हाताऱ्या माणसाला हसतात तसे. "वय झालं की हातही दगा देतात!" निवेदक म्हणाले. "तरी हौस बघा! होऊन जाऊ द्या एकदा टाळ्या!"

टाळ्या झाल्या. गाढवांच्या या बाजारात मिस्त्री मान खाली घालून उभे राहिले. पण बाई खुर्चीत मागे टेकल्या होत्या, आणि ते पाहून त्यांचा जीव भांड्यात पडला.

लेक मंचाच्या पायरीपाशीच उभी होती. तिने त्यांना बाजूच्या खुर्चीवर बसवलं आणि आपला रुमाल अंगठ्याला गुंडाळायला लागली.

"हातोडी उजव्या हातात का घेतलीत?"

"गडबडलो. एवढी माणसं समोर."

"सकाळी दाढी डाव्या हाताने केलीत. चमचा डाव्या हातात असतो. आणि मघाशी कप..." ती थांबली. रुमालाची गाठ अर्धीच राहिली. तिने एकदा त्या अंगठ्याकडे बघितलं, मग मान वर करून दरवाज्याकडे. मिस्त्रींनी तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना पाहिला.

"कधी?" तिने विचारलं.

"तू सहा महिन्यांची होतीस."

"आणि ते हसू?"

"तुझ्या आईचं."

लेकीने पुन्हा दरवाज्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "मी लिहिलंय त्यात, की हिच्याकडे बघितलं की घरी आल्यासारखं वाटतं. प्रकाशक ते वाक्य काढून टाका म्हणाले होते. मी नाही काढलं."

"तू जा, बोल, पुस्तक निघू दे," मिस्त्री घाईने म्हणाले. "कुणाला काही कळलेलं नाही. त्या बाईंनाही नाही. सगळी गाढवं आहेत इथे."

"हो," लेक म्हणाली. "आणि सगळ्यात मोठं गाढव मी. नऊ वर्षं." तिने गाठ घट्ट केली. मिस्त्री कळवळले. "तुम्ही सगळ्या जगाला हसत होतात, बाबा. त्या जगात मीही होते, हे तुमच्या लक्षातच नाही आलं."

वरून निवेदकांनी तिचं नाव पुकारलं.

ती माइकपुढे उभी राहिली. हातात पुस्तक होतं, ते तिने उघडलं नाही.

"या पुस्तकात मी लिहिलंय, की सातव्या बाईचा कारागीर अनामिक आहे," ती म्हणाली. "ते चूक आहे. तिचा कारागीर त्या तिथे बसलाय. अंगठ्याला रुमाल बांधून. ते माझे वडील आहेत."

टाळ्यांचा पाऊस पडला. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे पुसले.

"वा! काय सुंदर कल्पना!" निवेदकांनी दुसरा माइक ओढून घेतला. "बाप हाच लेकीचा खरा शिल्पकार!"

"कल्पना नाही," लेक म्हणाली. "खरंच सांगतेय. हा दगड पस्तीस वर्षांपूर्वी घडवलेला आहे."

टाळ्या आणखी वाढल्या. लोक उभे राहिले. एवढा मूर्खपणा एका जागी मिस्त्रींनी आयुष्यात पाहिला नव्हता, आणि आज पहिल्यांदा त्याचं त्यांना हसू आलं नाही. त्यांना वाटलं, कुणीतरी एकाने तरी तिचं ऐकावं.

एकीने ऐकलं होतं. टाळ्या न वाजवता चष्मेवाल्या बाई उठल्या, मिस्त्रींच्या शेजारी येऊन बसल्या आणि त्यांनी वही काढली.

"दगड कुठल्या खाणीचा?"

मिस्त्रींनी सांगितलं. खाण सांगितली, गाळात पुरलं ते सांगितलं, चोथ्याचं पाणी सांगितलं, तज्ज्ञांचं बोलणंही सांगितलं. बाई लिहीत गेल्या.

"पण का केलंत?"

"एका माणसाला खोटं पाडायचं होतं."

"पाडलंत का?"

"तो मजेत जगला आणि मजेत मेला," मिस्त्री म्हणाले. "खोटी पडली ती माझी पोरगी. पण बाई, रेघा तिने बरोबर वाचल्या. हे तेवढं लिहा. सगळ्यांत एकट्या तिनेच वाचल्या."

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि तेही लिहिलं.

पुस्तकांच्या टेबलापाशी रांग लागली होती, आणि लेक रांगेतल्या लोकांना विक्री नाही असं सांगत पुस्तकं परत खोक्यात भरत होती. एक जण हुज्जत घालत होता, की निदान सही तरी द्या. मिस्त्री जाऊन तिच्या शेजारी उभे राहिले. तिने वर पाहिलं नाही. भरलेल्या खोक्याला त्यांनी हात घातला.

"राहू द्या," ती म्हणाली. "बोट दुखेल."

"दुखू दे."

मागे निवेदक सांगत होते, की दोन हजार वर्षांपूर्वीच्या सातव्या सुंदरीबरोबर ज्यांना फोटो काढायचा आहे, त्यांनी कृपया एका ओळीत यावं. मिस्त्रींनी खोकं डाव्या खांद्यावर घेतलं, रुमालाच्या हाताने वरून धरलं आणि लेकीच्या मागून चालू लागले.